तोड्याची बंदूक, पण लॉक इंग्रजी: काळ कसा ओळखायचा?

माळ्यावरचा
वाडा पाडायला निघालाय. माळा रिकामा करताना गोणपाटात गुंडाळलेली एक लांब बंदूक निघाली. एकूण लांबी साडेपाच फूट, त्यातली नळी जवळजवळ चार फूट. दस्ता सरळ आणि काठीसारखा बारीक. नळी लाकडाला पितळी तारेच्या पट्ट्यांनी आवळलेली. इथवर सगळं देशी. पण उजव्या बाजूला चक्क इंग्रजी लॉक, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा: पाटीवर मुकुट, खाली ‘जीआर’, मागे ‘टॉवर’ आणि निपलवर (केप बसवायच्या बोंडीवर) आपटणारा घोडा. एक जाणकार ‘शिवकालीन’ म्हणाले, दुसरे ‘सत्तावनची एनफिल्ड’. दोन्ही पटत नाही. काळ ठरवायचा कसा? आणि गारगोटीची बंदूक आल्यावरही आपल्याकडे तोडा, म्हणजे दारू पेटवायची जळती दोरी, इतकी वर्षं का टिकला?

जामगी
पुण्यात माळ्यावरून काहीही खाली आलं की ते आधी शिवकालीन असतं, मग हळूहळू अलीकडे सरकतं. ते सोडा.

लॉकवरून बंदुकीचं वय काढू नका. लॉक शेवटच्या दुरुस्तीची तारीख सांगतं, जन्माची नाही. नळी टिकते, लॉक झिजतं, मोडतं, बदललं जातं. तुमच्या वर्णनावरून नळी आणि दस्ता तोड्याच्या बंदुकीचे आहेत, लॉक नंतर बसवलेलं.

खात्री अशी करा. नळीच्या बुडाच्या लगेच मागे, दस्त्याच्या वरच्या अंगाला, लांबट खाच होती का बघा. देशी तोड्याच्या बंदुकीत घोडा बाहेर लटकत नाही. तो दस्त्याच्या पोटात असतो आणि चाप दाबला की त्या खाचेतून पेटता तोडा रंजकेच्या (नळीतला बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूच्या) वाटीत टेकवतो. लॉक बदलताना ही खाच लाकडाची पट्टी बसवून बुजवतात. पट्टीचे रेषे आजूबाजूच्या लाकडाशी जुळत नाहीत, बोट फिरवलं तरी कळतं.

आता लॉक. ‘जीआर’ म्हणजे जॉर्ज राजा, आणि त्या काळातला शेवटचा जॉर्ज १८३० साली गेला. त्यानंतर विल्यम, १८३७ पासून व्हिक्टोरिया, म्हणजे ‘व्हीआर’. केपाची (घोडा आपटला की पेटणाऱ्या छोट्या टोपीची) बंदूक ब्रिटिश फौजेत रुळली ती १८४० च्या आगेमागे. म्हणजे ‘जीआर’ आणि निपल मुळात एका घरचे नव्हेत. लॉक आधी गारगोटीचं होतं आणि पुढे केपाचं केलं, असा सरळ अर्थ निघतो. अशा बदलात रंजकेची वाटी आणि ठिणगी पाडणारी पोलादी पाटी काढून टाकतात, तिथे निपल येतं. वाटी, पोलादी पाटी आणि तिची स्प्रिंग यांच्या स्क्रूची भोकं मग लॉकच्या पाटीवर उरतात. पाटीवर घोड्याच्या पुढे लोखंडाने बुजवलेले गोल ठिपके शोधा.

तोडा का टिकला, तर तो मागासलेपणा नव्हता, हिशेब होता. गारगोटीच्या लॉकला दोन गोष्टी लागतात: नीट पाणी दिलेली, ताकदीची स्प्रिंग आणि कडक तोंडाची पोलादी पाटी. पाणी कमी पडलं तर स्प्रिंग बसते, जास्त झालं तर तडकते. पाटी मऊ असली तर ठिणगीच पडत नाही. शिवाय गारगोटी साधारण वीस-तीस बारांत बोथट होते. इंग्रजांना ती सफोकमधल्या ब्रँडनच्या खाणींतून तयार मिळे. आपल्या दख्खनी पाषाणात अकीक मिळतो आणि चालतोही, पण तो कापून-घासून घडवावा लागतो. याउलट तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. लॉकचे दोन-तीन भाग, गावचा लोहार दुरुस्त करणार. चापाला जड घोड्याचा धक्का नाही, नळी लांब, त्यामुळे टेकण लावून मारणाऱ्याचा नेम चांगला लागे.

तोटे खरे होते. वारा-पावसात तोडा विझतो, रात्री निखारा दिसतो. मुख्य म्हणजे पेटती दोरी आणि उघडी दारू घेतलेली माणसं खांद्याला खांदा लावून उभी करता येत नाहीत. दाट रांग, एकदम फैर आणि पुढे संगीन हे ज्यांना हवं होतं, त्यांनी गारगोटी घेतली. गारद्यांच्या कवायती पलटणी त्यातल्याच. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या बाजूने कवायती पलटणही होती आणि तोडेवाल्या अरबांची पायदळंही. एकाच सैन्यात दोन्ही पद्धती नांदत होत्या.

चरवाला
वरच्या उत्तरात थोडी भर. ‘टॉवर’ (लंडनच्या टॉवरमधल्या सरकारी शस्त्रागाराची खूण) पाहून लगेच हुरळू नका. ही खूण देशी कारागिरांनी भरपूर नकलली आणि आजही सजावटीच्या बंदुकांवर ठोकली जाते. खऱ्या खुणेत अक्षरं एका खोलीची आणि एका रेषेत असतात. नकलेत अक्षर उलटं, वाकडं किंवा हाताने कोरलेलं दिसतं. कंपनी सरकारची बंदूक असेल तर मुकुट नाही, आधीच्या काळात हृदयाकृती व्यापारी खूण आणि १८०८ च्या सुमारापासून मागच्या पायांवर उभा सिंह.

एनफिल्डचा निकाल दोन मिनिटांत लागतो. मोहऱ्याशी (नळीच्या तोंडाशी) व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावा. १८५३ ची एनफिल्ड .५७७ इंच, म्हणजे साडेचौदा मिलिमीटरच्या जरा वर, आणि आत तीन चर, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा. इंग्रज फौजेची जुनी गारगोटीची बंदूक ‘ब्राऊन बेस’ .७५ इंच, म्हणजे १९ मिलिमीटर, आत गुळगुळीत. एक फसवी जात मात्र आहे: सत्तावनच्या उठावानंतर देशी शिपायांना मुद्दाम बिनचराची बंदूक दिली. १८५८ चा नमुना, बाहेरून हुबेहूब एनफिल्ड, आतून सपाट, .६५६ इंच. चर नाहीत म्हणून अशा बंदुकीला लोक नकली ठरवतात.

तोड्याच्या बंदुकीला ठरावीक माप नसतं. प्रत्येकीचा गोळीचा साचा वेगळा. त्यामुळे विचित्र आकडा आला तर तो तुमच्या बाजूचा पुरावा समजा.

माळ्यावरचा
पाहिलं. खाच आहे, वेगळ्या लाकडाने बुजवलेली. पाटीवर पुढे तीन बुजवलेले ठिपके. नळी १६ मिलिमीटर, आत गुळगुळीत. ‘टॉवर’मधलं शेवटचं अक्षर इतरांपेक्षा खोल आहे. आता गज घालून आत साफ करायला घेतोय.

जामगी
थांबा! लोखंडी गज अजिबात घालू नका. ठासणीच्या बंदुका भरलेल्याच भिंतीवर टांगून ठेवायची रीत होती, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते.

आधी निपलवर केप नाही आणि घोडा खाली आहे ते बघा. मोहऱ्यासमोर स्वतःही उभं राहू नका, हातसुद्धा बाजूने न्या. सरळ लाकडी काठी अलगद बुडापर्यंत सोडा, ठोकायचं नाही. मोहऱ्याशी काठीवर खूण करा. काठी बाहेर काढून नळीशेजारी धरा, खूण मोहऱ्याशी जुळवा आणि दुसरं टोक कुठे पोचतं ते बघा. ते निपलच्या जागेपर्यंत गेलं तर नळी रिकामी. तीन-चार बोटं अलीकडेच अडलं तर आत बार आहे, निदान काहीतरी अडकलंय. मग उकरणं, पाणी ओतणं, हलवणं सगळं बंद; जागेवर ठेवून पोलिसांना कळवा.

‘टॉवर’बद्दल: लॉक नकली असलं तरी निष्कर्ष बदलत नाही. लोहाराने गारगोटीचं लॉक नकललं, मग त्याचंच केपाचं केलं. नळी तरीही तोड्याच्या काळातलीच.

कलम पंचेचाळीस
बार नाही निघाला तरी कागद करायलाच हवा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुनाट किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. निपल शाबूत, घोडा पडतोय, नळी मोकळी, म्हणजे तुमची बंदूक या सवलतीत बसणं कठीण. ‘शोभेची आहे’ हे उत्तर चालत नाही. ठासणीच्या बंदुका आजही शेती संरक्षणाच्या परवान्यावर वापरात आहेत. फोटो आणि मापांसह जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा, पोच घ्या. पुणे शहरात परवाना पोलीस आयुक्तालयातून, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. ठेवायची नसेल तर संग्रहालयाला देण्याचा विचार करा, पण तेही ठाण्यात कळवल्यावर. परदेशातल्या नातेवाइकाला पाठवायची कल्पना मनातून काढा. शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या कायद्याने खासगी माणसाला बाहेर नेता येत नाही.

तोवर गोणपाट काढा, त्यात ओल धरते. चिंच, ब्रासो, सँडपेपर काही नको. सुती फडक्याने धूळ पुसा, लोखंडाला पातळ तेलाचा हात द्या, लाकडाला तेल लावू नका. तारेचे पट्टे सैल असले तरी आवळू नका. जुनी तार पिळ दिला की तुटते, आणि मूळ पट्टा गेला की नळी-दस्त्याची जोडी मूळची होती हे दाखवायला काही उरत नाही.