मांडवा ते मुरूड शिडाच्या बोटीने, एका दिवसात जाऊन-येऊन होईल का?

गंगापूरचा खलाशी
नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, गंगापूर धरणावर चार वर्षं छोटी शिडाची बोट चालवतोय पण समुद्रात सुकाणू कधी हातात घेतलेलं नाही. मित्राची २४ फुटी बोट मांडव्याला आहे, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन. होळीच्या दिवशी पहाटे निघायचं, मुरूडला जेवायचं आणि संध्याकाळी परत असा बेत आहे. ॲपवर बघतोय तर सकाळी वारा पूर्वेचा ४-५ नॉट आणि दुपारी एकदम वायव्येचा १५ च्या वर, रोज हेच. खरंच एवढा फिरतो का ॲपचा घोळ आहे? धरणावर वारा पडला तर वल्ही मारत काठाला लागतो, तिकडे काय करायचं?

थळकर
घोळ नाही भाऊ, शाळेत खारे वारे-मतलई वारे पाठ केले असतील तेच आहे हे. मांडवा-मुरूड ३० सागरी मैलांच्या आसपास, ५ नॉटने गेलात तरी सहा तास. सकाळी मतलईवर खांदेरीचं बेट सहज मागे टाकाल, मग तास-दोन तास पाणी तेलासारखं, तेव्हा इंजिन लावायचं. अकरा-बारानंतर वायव्येचा सुरू होतो आणि तो पाठीवर असतो म्हणून मजा वाटते, त्याचा जोर कळतच नाही. कळतो बोट वळवल्यावर. तोच वारा नाकावर, नागमोडी जात जात ३० चे ४५ मैल होतात आणि वाटेत अंधार. त्यात थळ-नवगावसमोर डोलीचे खुंट, म्हणजे मासेमारीची जाळी बांधायला समुद्रात रोवलेले खांब. आमच्या इंजिनाच्या पंख्यात एकदा जाळ्याचा दोर गुंतला, रात्री नऊला गळ्यापर्यंत पाण्यात उतरून सुरीने कापत बसलो होतो. तेव्हा जाऊन-येऊन विसरा, मुरूडला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघा.

माहेर रेवदंडा
मी नाशिकरोडला असते पण वडील तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख होते म्हणून बोलते. होळीचा दिवसच चुकलाय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, पौर्णिमा म्हणजे पंधराचे सव्वाअकरा, बाराच्या आतबाहेर धरा. म्हणजे सकाळी सहाला पूर्ण ओहोटी, त्यात उधाणाचं, म्हणजे सर्वात मोठ्या भरती-ओहोटीचं पाणी, आणि तुम्ही बाहेर पडताना भरती मुंबई बंदरात आत घुसणार, समोरूनच. आठ दिवस थांबा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, सकाळी सहाला भरती भरली की ओहोटीच तुम्हाला बाहेर नेईल, आणि भांगाचं पाणी, म्हणजे लहान भरती-ओहोटी असल्याने जोरही कमी. फक्त कोर्लईच्या पुढे वारा उठायच्या आत जा. तिथे खाडीची ओहोटी बाहेर येते आणि त्या पाण्याला वारा समोरून लागला की लाटा उभ्या राहतात, छोट्या बोटीला ते नको.

द्राक्षवाला
आमचा समुद्राशी संबंध पापलेटापुरता, पण मार्चात वादळबिदळ नसतं ना?

थळकर
सहसा नाही. फयान नोव्हेंबरात आलं होतं, २००९ ला, निसर्ग ३ जून २०२० ला. मार्चात रोजचा वाराच पुरतो. तरी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघायचाच, आणि बंदरात धोक्याचा बावटा लागला असेल तर बोट सोडायची नाही, सुट्टी गेली तर जाऊदे.

गंगापूरचा खलाशी
बाप रे, पाऊणपटीचं गणित पहिल्यांदाच ऐकलं. ताई, अष्टमी फायनल, रजा टाकतो. मुरूडला नांगर कुठे टाकू? बीचसमोर चालेल?

माहेर रेवदंडा
बीचसमोर अजिबात नको, वायव्येला उघडा आहे, रात्रभर हिंदकळाल. जंजिऱ्याच्या आत राजपुरी खाडीत शिरा, आगरदांड्याकडे. आणि उजेडात पोचा, किल्ल्याभोवती खडक आहेत.

गंगापूरचा खलाशी
ओके. बोटीत एक जागा शिल्लक आहे, नाशिकहून कोणी येणार असेल तर सांगा. कसारा घाटात ज्याला उलटी होते त्याने कृपया हात वर करू नये.

द्राक्षवाला
हात खाली 😄