शब्दचर्चा : पाईक, तोडा, रंजक आणि जिनीव्हाचे शिपाई

प्रश्न

दर डिसेंबरात इथे जिनीव्हात एस्कलाडचा उत्सव असतो. १६०२ साली ११ आणि १२ डिसेंबरच्या मधल्या रात्री शेजारच्या सॅव्हॉय राज्याच्या ड्यूकच्या फौजेने तटाला काळ्या रंगवलेल्या शिड्या लावल्या. एका पहारेकऱ्याने बार काढला, शहर जागे झाले आणि नागरिकांनी हल्ला परतवला. जिनीव्हाची १८ माणसे कामी आली. आता 'कंपनी द १६०२' ही संस्था त्या काळच्या पोशाखात, हत्यारांसह मिरवणूक काढते. इथल्या मराठी मुलांसाठी मी त्याची माहिती लिहिते आहे. पाईक (लांब भाला), हॅलबर्ड (कुऱ्हाडीचे पाते असलेला भाला), आर्किबस (जुनी बंदूक), मोरियन (शिरस्त्राण), पेटार्ड (दरवाजा उडवायचे स्फोटक) यांना मराठीत काय म्हणावे? आणि मुळात रीएनॅक्टमेंटला, म्हणजे जुना प्रसंग तसाच पुन्हा करून दाखवण्याला? 'पुनराभिनय' मुलांच्या गळी उतरणार नाही.

प्रतिसाद

पुनराभिनय नकोच. गणपतीत आपण 'जिवंत देखावा' म्हणतो, तो शब्द प्रसंग उभा करण्यासाठी चांगला चालेल. पण बंदूक भरून दाखवणे, रांगेत भाले पेलणे हा भाग वेगळा आहे. कोल्हापूरकडे मर्दानी खेळांची 'प्रात्यक्षिके' होतात, तोच शब्द इथे नेमका बसतो.

प्रतिसाद

आर्किबसबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे मराठी अजिबात गरीब नाही. बरेच जण 'ठासणीची बंदूक' सुचवतील. ते चूक नाही, पण ढोबळ आहे. नळीच्या तोंडातून भरायची कुठलीही बंदूक ठासणीची, मग ती चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी) असो की टोपीची (स्फोटक टोपीने पेटणारी). १६०२ च्या जिनीव्हातली साधी आर्किबस म्हणजे 'तोड्याची बंदूक'. तोडा किंवा जामगी म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली, धुमसत राहणारी दोरी. ती एका नागमोडी दांडीत धरलेली असते. चाप ओढला की दांडी खाली येते, तोड्याचे टोक रंजकाला लागते, ती आग कानातून आत जाते आणि बार उडतो. रंजक म्हणजे बाहेर घातलेली बारीक दारू आणि कान म्हणजे नळीचे भोक. बखरी वाचणाऱ्यांना तोफांच्या कानांत खिळे मारल्याचे आठवेल, तोच हा कान. दारू-गोळी ठासायच्या काठीला गज म्हणायचे.

म्हणजे बंदुकीच्या एकेका भागाला आपल्याकडे शब्द आहे आणि तो त्याच कामाचा आहे, कारण यंत्र तेच होते. तोडा ओला झाला की बंदूक निकामी, अंधारात त्याचा निखारा दिसतो, हे सगळे मुलांना या शब्दांतूनच सांगता येईल. फक्त 'दारू' पहिल्यांदा येईल तिथे 'बंदुकीची दारू' लिहा.

प्रतिसाद

पाईक मात्र आहे तसा घेऊ नका. मराठीत पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई, सेवक. तुकोबांचे पाइकाचे अभंग आहेत. 'पाईक घेतलेला पाईक' असे वाक्य झाले तर मुले गोंधळतील आणि आपला एक सुंदर शब्दही गढूळ होईल. जुन्या शब्दांपैकीही एकही लागू पडत नाही. बरची, सांग, विटा ही एकट्याने चालवायची हत्यारे, विटा तर दोरी बांधून फेकायचा. पाईक पाच मीटरच्या आसपास लांब. एकट्याच्या हातात तो निरुपयोगी, शेकडो माणसांनी दाट रांगांत धरला की घोडदळ पुढे येऊ शकत नाही. स्विस पायदळाने १४७६ साली ग्रांसों आणि मुर्टेन इथे बर्गंडीच्या ड्यूक शार्लला हरवले ते याच जोरावर. पुढे १५२२ साली बिकोका इथे आर्किबसवाल्यांनी त्याच रांगा फोडल्या. मी 'लांबभाला' असा जोडशब्द लिहीन आणि तो धरणाऱ्याला 'लांबभालेकरी'.

हॅलबर्डला परशू म्हणू नये, लगेच परशुराम डोळ्यांपुढे येतो. कुऱ्हाडीचे पाते, वर भाल्याचे टोक, मागे आकडा, आणि दांडा माणसाहून उंच, अशी तिन्ही कामे एका हत्यारात आहेत. 'फरशीभाला' म्हणता येईल, पण हॅलबर्डच ठेवून एकदा वर्णन केले तर अधिक बरे. १५०६ पासून पोपच्या पहाऱ्यावर असलेल्या स्विस गार्डच्या हातात हेच असते, त्यांचा फोटो मुलांना दाखवा.

प्रतिसाद

सॅव्हॉयकडून पैशासाठी लढायला आलेल्यांना 'शिलेदार' म्हटले तर? भाडोत्री हा शब्द फार हिणवणारा वाटतो.

प्रतिसाद

नको. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीला येणारा स्वार. त्या रात्री शिड्या चढले ते पायउतार लोक. शिवाय तोडा, रंजक, गज ही वस्तूंची नावे आहेत, ती कुठल्याही देशातल्या तशाच वस्तूला देता येतात. शिलेदार, बारगीर, मावळा ही मात्र एका राज्याच्या व्यवस्थेतली माणसे. ती नावे सॅव्हॉयच्या शिपायांना दिली तर त्यांचीही ओळख पुसते आणि आपलीही. मोरियनला जिरेटोप न म्हणण्याचे कारणही तेच. 'मधे उंच कणा आणि वर वळलेली कड असलेले लोखंडी शिरस्त्राण' असे लिहा. भाडोत्रीच्या जागी 'पगारी शिपाई' पुरे. समोर लढणारे जिनीव्हाचे बहुतेक लोक पगारी नव्हते, शहराचे रहिवासी होते, हा फरक मुलांपर्यंत पोचलाच पाहिजे.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. तोडा-रंजकाचा परिच्छेद जवळजवळ तसाच घेते आहे, लांबभालाही घेतला. पेटार्ड तेवढा राहिला. सॅव्हॉयकडचा पिको नावाचा माणूस तो घेऊन नव्या वेशीकडे आला होता. जिनीव्हाकडच्या इसाक मर्सिएने दोर कापून वरची जाळीची झडप खाली पाडली आणि बेत फसला. याला सुरुंग म्हणू का?

प्रतिसाद

सुरुंग जमिनीत किंवा तटाखाली खणून भरतात. पेटार्ड म्हणजे दारूने ठासलेले घंटेसारखे धातूचे भांडे, ते दरवाजाला टेकवून उडवायचे. 'वेशीचा दरवाजा उडवायचे दारूचे भांडे' इतके साधे लिहा आणि पुढे पेटार्ड हे नाव वापरा. मर्सिएची झडप मात्र 'झडप' म्हणूनच राहू द्या, वरून धाडकन पडणाऱ्या दाराला तो शब्द शोभतो.