'चर्च फादर्स' : पितर, धर्मपिते की आणखी काही?

पंचवटीकर :
नमस्कार. आपल्या ज्ञानकोशासाठी हिप्पोच्या ऑगस्टीनवरील (इ.स. ३५४ ते ४३०) लेखाचा अनुवाद करताना मी पहिल्याच ओळीत अडकलो आहे. ऑगस्टीन, अँब्रोज, जेरोम, अथनेशियस अशा पहिल्या काही शतकांतील ख्रिस्ती लेखकांना इंग्रजीत 'चर्च फादर्स' म्हणतात. मी 'चर्चचे पितर' असे लिहिले आणि रात्री मसुदा आईला वाचून दाखवला. आमचे घर रामकुंडापासून पाच मिनिटांवर आहे. पितृपंधरवड्यात आमच्या बोळातून पिंडदानाला जाणाऱ्यांची रीघ लागलेली असते. आईने निवडत असलेल्या मेथीवरून नजरही न उचलता विचारले, "मग यांचे श्राद्ध कोण घालते?" शब्द खोडला. आपल्यापैकी एका सदस्याने तेथे आता 'धर्मपिते' घातले आहे, पण धर्मपिता म्हणजे मानलेला बाप, जसा धर्माचा भाऊ. कृपया मार्ग सुचवावा.

जुना व्याकरणी :
पंचवटीकर, मातोश्रींचा प्रश्न मार्मिक असला तरी शब्द खोडण्याची घाई झाली. संस्कृतातील 'पितृ' शब्दाचे प्रथमेचे बहुवचन 'पितरः' असे होते आणि लॅटिनमधील 'पात्रेस' हे त्याचेच सख्खे भावंड आहे. म्हणजे ज्या शब्दाचा आपण अनुवाद करू पाहतो, तोच शब्द आपल्या घरात आधीपासून नांदत असताना केवळ कावळा आणि पिंड आठवतो म्हणून त्याला दाराबाहेर उभे करणे मला मान्य नाही.

नाशिकरोडवाली :
सर, व्युत्पत्ती मान्य आहे. परंतु वाचक व्युत्पत्ती वाचत नाही, शब्द वाचतो. 'चर्च फादर' असेच ठेवावे असे कोणी म्हणेल, म्हणून आधीच सांगते की आमच्याकडे 'चर्चचे फादर' म्हणजे बाळ येशूच्या यात्रेत मिसा अर्पण करणारे, शाळेच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून येणारे फादर. ऑगस्टीन त्यांच्या रांगेत बसायचा नाही. मी 'ख्रिस्तसभेचे आचार्य' असे सुचवते.

पंचवटीकर :
ताई, 'आचार्य' मलाही आवडला होता, पण तो 'डॉक्टर ऑफ द चर्च' या, थोर धर्मशिक्षकांना चर्चकडून मिळणाऱ्या निराळ्या पदवीसाठी राखून ठेवावा लागेल. ऑगस्टीन, अँब्रोज, जेरोम आणि ग्रेगरी यांना ती १२९८ मध्ये मिळाली, तर आविलाची तेरेसा आणि सिएनाची कॅथरीन यांना १९७० मध्ये. या दोघी आचार्य आहेत, मात्र 'फादर्स'मध्ये त्यांची गणना होत नाही. ऑगस्टीन दोन्हींत असल्यामुळे एकाच परिच्छेदात मला दोन शब्द लागतात.

शरणपूरकर :
मला खरी अडचण 'फादर्स'ची नसून 'चर्च'ची वाटते. मराठी बायबलात मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात येशू खडकावर जी रचतो ती 'मंडळी' आहे. माझे आजोबा शरणपूरच्या देवळात घंटा वाजवत, आणि तरीही 'मंडळी' हा शब्द त्यांनी कधी इमारतीसाठी वापरला नाही. मंडळी म्हणजे माणसे. ग्रीक 'एक्लेसिया'चाही अर्थ बोलावून जमवलेली सभा असाच आहे. तेव्हा 'मंडळीचे आद्यपिते' असे लिहावे.

जुना व्याकरणी :
आमच्या पिढीत "मंडळी माहेरी गेली आहे" याचा अर्थ बायको माहेरी गेली, असा होत असे. ज्ञानकोशात असा शब्द नको. 'धर्मसंघ' लिहावे.

नाशिकरोडवाली :
'धर्मसंघ' म्हटले की संन्याशांचे संघ, म्हणजे जेझुइट किंवा फ्रान्सिस्कन, डोळ्यांपुढे येतात. 'मंडळी'बद्दल मात्र मी सरांच्या बाजूने आहे, कारण निराळे. मागच्या पावसाळ्यात एका उत्साही सदस्याने एका रात्रीत सगळीकडे 'चर्च' काढून 'मंडळी' घातले. सकाळी एका लेखात "पावसाळ्यात मंडळी गळू लागल्याने कौले बदलण्यात आली" असे वाक्य सापडले. ते उलटवताना माझा अख्खा रविवार गेला.

शरणपूरकर :
तो दोष शब्दाचा नव्हे, यंत्रवत बदलाचा आहे. इमारतीला 'देऊळ' म्हणा, माणसांना 'मंडळी' म्हणा, आणि गळायचे ते देऊळ गळू द्या. वसईचे कॅथलिक आजही देऊळच म्हणतात.

जुना व्याकरणी :
देऊळ म्हणजे देवकुल, अर्थात देवाचे घर, आणि तेथे मूर्ती अपेक्षित असते. प्रोटेस्टंट उपासनागृहाला देऊळ म्हणणे हा अर्थाचा विपर्यास आहे.

शरणपूरकर :
'कुल' म्हणजे घर, मूर्ती नव्हे, हे आपणच आत्ता लिहिलेत. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले आहे. त्यांचा हात कोणी धरला नाही. शब्दांना सोवळ्यात ठेवून मराठी वाढणार असेल, तर आधी 'नाताळ', 'पाद्री' आणि 'क्रूस' हे पोर्तुगिजांकडून आलेले तिघे परत पाठवावे लागतील.

जुना व्याकरणी :
परकीय शब्द स्वीकारणे आणि स्वकीय शब्दाचा अर्थ ताणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'देवकुल'विषयी उद्या सविस्तर लिहितो.

पंचवटीकर :
अवश्य लिहावे. मधल्या काळात एवढेच कळवतो की लेखाच्या पहिल्या ओळीत अजून 'धर्मपिते' हाच शब्द आहे आणि काल रात्री कोणीतरी त्याच्यापुढे 'संदर्भ हवा' असा साचा लावला आहे.

शरणपूरकर :
तो मी लावला. व्याकरणी सरांनी 'देवकुल'चे टिपण लिहिताना 'राऊळ'ही घ्यावे.