फरशी उचलते ती गोठण, पण पाणी कुठलं?

हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि पॅटिओ (अंगणातली फरसबंदी) वर उचलला जातो. त्यावर इथे कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेतल्या थंड मिनियापोलिसकडे पाया ४२ इंच खाली न्यावा लागतो, म्हणून पॅटिओलाही तेवढं खणा. हे पटलं नाही. तो नियम डेकच्या (घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याच्या) खांबांचा. सुट्या पेव्हर्सना (फरसबंदीच्या ठोकळ्यांना) थराथराने ठोकून बसवलेली ६ ते ८ इंच खडी पुरते.

पन्हाळीबद्दल मात्र इथे कुणीच बोललं नाही. आमचा एकच कोपरा दर मार्चला इंचभर वर यायचा. खडी उकरून पुन्हा भरली, तरी तेच! पन्हाळीचा पाइप नेमका तिथेच सुटत होता. खाली चिकणमाती, पाणी मुरणार कुठे? पाइप दहा फूट लांब नेला, मातीवर जिओटेक्स्टाइल (माती आणि खडी वेगळी ठेवणारं कापड) अंथरलं, घरापासून बाहेर फुटाला पाव इंच उतार दिला. तीन हिवाळे झाले, खुर्ची डुगडुगत नाही. सांध्यांतली वाळू तेवढी एकदा भरावी लागली.