आयरनीला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

उपरोध म्हटलं की टोमणा वाटतो, विरोधाभास पण नीट बसत नाही. म्हणजे बघा ना, राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 ला गेले आणि 'एकच प्याला' रंगमंचावर आलं फेब्रुवारीत, ज्या नाटकामुळे आजही नाव निघतं ते त्यांनी स्टेजवर पाहिलंच नाही, याला काय म्हणाल?

> दैवदुर्विलास. सरळ आहे की.

> हो पण तो फक्त नशिबाचा झाला. संगीतकार बेथोवेन पण त्यातलाच, 1824 ला त्याची नववी सिंफनी वाजली तेव्हा बहिऱ्या झालेल्या बिचाऱ्याला टाळ्याच ऐकू येईनात. पण आमच्या सोसायटीत 'पाणी वाचवा' बोर्डाखालचाच नळ गळतोय, त्याला काय दुर्विलास म्हणू??

> त्याला विसंगती म्हणा. आणि आधी प्लंबर बोलवा 😀