रोसबाखला एवढा मार खाऊनही सुबीज मार्शल कसा काय झाला?

शाहूनगरीतला_पोरगा
नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा, सेट-नेटचा (प्राध्यापकीच्या परीक्षांचा) अभ्यास चालू आहे आणि युरोपच्या सप्तवार्षिक युद्धात एका माणसापाशी गाडी अडकलीय. फ्रान्सचा सेनापती शार्ल द रोहान, म्हणजे सुबीजचा प्रिन्स. ५ नोव्हेंबर १७५७ ला जर्मनीत रोसबाखला ह्याच्या बाजूचं सैन्य साधारण ४१ हजार, समोर प्रशियाचा राजा फ्रेडरिक २२ हजार घेऊन, आणि दीड तासात खेळ खल्लास. ह्यांचे दहा हजारांच्या आसपास मेले, जखमी झाले नाहीतर पकडले गेले, फ्रेडरिकचे साडेपाचशेच. बरं एवढं होऊन पुढच्याच वर्षी गडी फ्रान्सचा मार्शल, म्हणजे सैन्यातला सगळ्यात मोठा मान! रूमवर कालपासून ह्यावरच वाद चाललाय, मित्र म्हणतो सरळ सरळ वशिला. एवढंच आहे का अजून काही?

पोवईनाका
वशिलाच की भावा, त्यात काय विचारायचं. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई, त्याची मैत्रीण मादाम द पोंपादूर, आणि हा तिच्या खास माणसांतला. विषय संपला.

वाईचा_बामणोली
विषय एवढ्यात संपत नाही हो. पोंपादूर दरबारात आली १७४५ ला, सुबीजच्या घराण्याचं राजाशी नातं त्याच्या आधीचं. १७१२ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात गोवराची साथ आली, लुईचे आई, वडील, मोठा भाऊ सगळे काही दिवसांत गेले, तेव्हा लुई दोन वर्षांचं पोर. वैद्य त्याचंही रक्त काढायला बसले होते पण सांभाळणाऱ्या मादाम द व्हांतादूरने पोराला खोलीत घेतलं आणि वैद्यांना हातच लावू दिला नाही, म्हणून ते जगलं. ही बाई सुबीजची पणजी! म्हणजे राजा जिवंत आहे तोच मुळात ह्यांच्या घरामुळे. पुढं सुबीज ८ वर्षांचा असताना त्याचे आईवडील देवीच्या रोगाने गेले आणि तो आजोबांकडे दरबारातच वाढला, राजापेक्षा ५ वर्षांनी लहान, त्याच्याच अवतीभवती. फाँतन्वाच्या लढाईत १७४५ ला राजाबरोबर होता. अशा माणसाला सैन्य द्यायला पोंपादूरने शब्द टाकला असेल, पण दार आधीपासून उघडंच होतं.

आणि रोसबाखचं सगळं बिल एकट्या सुबीजच्या नावावर फाडू नका. सैन्य दोन जणांचं, जर्मन साम्राज्याच्या फौजेचा प्रमुख हिल्डबुर्गहाउझेन वेगळा, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. हे लोक प्रशियन छावणीला डावीकडून वळसा घालायला निघाले, लांबच लांब रांगा करून, जसं वरातीत चालतात तसं. फ्रेडरिक जेवायला बसलेला, त्याचा एक अधिकारी घराच्या छपरावरून बघत होता, त्याने येऊन सांगितलं तर राजाला आधी खरंच वाटेना. मग मात्र बघता बघता तंबू उतरले आणि प्रशियन फौज यानुस टेकडीच्या आड गेली. ह्यांना वाटलं पळाले! म्हणून ह्यांनी अजून घाई केली. तेवढ्यात टेकडीवरून प्रशियाच्या झाइड्लिट्झचं घोडदळ खाली आलं ते थेट रांगेच्या तोंडावर. रांग मोडून लढायला उभं राहायला वेळच मिळाला नाही, प्रशियाच्या पायदळाच्या जेमतेम ७ पलटणी लढाईत आल्या, बाकीच्यांना बंदूक उचलायची गरजच पडली नाही. सुबीजने स्वतः राजाला लिहून कळवलं की तुमच्या सैन्याची पूर्ण वाताहत झालीय. लपवलं नाही, एवढं तरी त्याला द्या.

हळदबाजार_सांगली
काका, माहिती भारी पण तुम्ही फारच सांभाळून घेताय त्याला. पॅरिसमध्ये लोकांनी त्याच्यावर टवाळीची कवनं केली, सुबीज हातात कंदील घेऊन आपलं सैन्य शोधतोय म्हणून. आणि मार्शलपद मिळालं ते लुटरबर्गच्या विजयावर, ऑक्टोबर १७५८, तिथं मोठं काम शेव्हेर नावाच्या सेनापतीचं. तो साध्या घरातला, शिपाई म्हणून वर आलेला, त्याला मार्शलची काठी शेवटपर्यंत मिळाली नाही.

खरी कमाल १७६१ ची. फिलिंगहाउझेनला सुबीज आणि फ्रान्सचाच दुसरा मार्शल ब्रॉय, दोघांच्या फौजा एकत्र, संख्येने समोरच्या ब्रुन्सविकच्या फर्डिनांडपेक्षा बऱ्याच जास्त. ब्रॉय १५ जुलैला संध्याकाळीच भिडला, दुसऱ्या दिवशी सुबीज नीट हललाच नाही आणि लढाई हातची गेली. दोघांनी एकमेकांवर ढकललं, प्रकरण राजाकडे. शिक्षा कुणाला? ब्रॉयला! १७६२ मध्ये दरबारातून हाकलून गावाकडच्या जहागिरीवर पाठवला, आणि सुबीज परत फौजेवर. त्याच वर्षी विल्हेल्म्सथालला परत मार खाल्ला तो वेगळाच.

वाईचा_बामणोली
हे मान्य. पण मग आपल्याकडं बघा. १७३१ ला डभईत बाजीरावाशी लढताना त्रिंबकराव दाभाडे पडले, शाहू महाराजांनी सेनापतीपद दिलं त्यांच्या भावाला, यशवंतरावांना. पोरसवदा वय, कारभार आई उमाबाईंनी बघितला. म्हणजे पद घराण्याचा मान राखायला, हे तेव्हा सातारच्या गादीलाही चालत होतं.

हळदबाजार_सांगली
फरक आहे ना पण! महाराजांनी मान दाभाड्यांना दिला आणि लढायला पेशव्यालाच पाठवत राहिले. लुईने मान आणि फौज एकाच माणसाच्या हातात दिली, तिथंच पंधराव्या लुईचं गणित चुकलं असं माझं स्पष्ट मत.

शाहूनगरीतला_पोरगा
धन्यवाद दोघांनाही, ह्यावर तर अख्खं उत्तर लिहिता येईल. सुबीजचं पुढं काय झालं?

वाईचा_बामणोली
१७५९ पासूनच मंत्रिमंडळात होता, युद्ध संपल्यावर आरामात जगला. १७७४ ला लुई देवीच्या रोगाने गेला, मृतदेहाजवळ जायला लोक घाबरत होते, दरबारी पांगले, पण सुबीज सेंट-डेनिसपर्यंत, म्हणजे राजांना पुरतात त्या चर्चपर्यंत, बरोबर गेला असं सांगतात. नव्या राजानेही त्याला ठेवून घेतलं. १७८२ ला जावयाचं प्रचंड दिवाळं निघालं त्यात मात्र घराण्याची अब्रू गेली, आणि १७८७ ला वारला. १७८९ ची फ्रेंच क्रांती बघायची वेळ आली नाही. कांद्याचा एक फ्रेंच सॉस आहे तो त्याच्याच नावाने, हॉटेल मॅनेजमेंटवाल्या पोरांना विचारा.

पोवईनाका
आणि तो बिचारा ब्रॉय?

हळदबाजार_सांगली
त्याला दोन वर्षांनी माफी. नंतर जुलै १७८९ मध्ये पॅरिस पेटल्यावर राजाला त्याचीच आठवण झाली, युद्धमंत्री केला. बास्तीयचा तुरुंग-किल्ला लोकांच्या हाती पडला आणि काही दिवसांतच म्हातारा देश सोडून गेला, १८०४ ला जर्मनीत म्युन्स्टरला वारला. नेटच्या पेपरात दोघांची सरमिसळ करू नको म्हणजे झालं.