बंद किती दिवस परवडतो? – एका पिग्मीवाल्याचा प्रश्न

पिग्मीवाला (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. सात-आठ वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी परळ, लालबाग आणि दादरच्या काही गल्ल्यांतून एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करतो. भाजीवाला, फुलवाली, इस्त्रीवाला, वडापावची गाडी, असे सगळे माझे खातेदार. कुणी रोज पन्नास देतं, कुणी शंभर. वर्ष झालं की व्याजासकट हातात. आधी मोडलं तर व्याज नाही, वर कपात. मला गोळा झालेल्या रकमेवर शेकड्याला तीन रुपये कमिशन, पगार नाही. म्हणजे बाजार बंद तर मीही बंद.

२०२० ची, म्हणजे कोरोनाच्या लॉकडाऊनची माझी वही अजून जपून ठेवलीय. (मशीन आहे हो, पण वहीत टिपायची खोड जात नाही.) २१ मार्चला शनिवार होता, भरणा जवळजवळ पूर्ण. २२ ला जनता कर्फ्यू, त्या रात्रीपासून लोकल बंद, २५ पासून देशच बंद. पुढची पानं कोरी. त्या कोऱ्या पानांवर मी फक्त कुणाचा फोन कधी आला ते लिहीत होतो.

पहिला फोन २८ मार्चचा. दादरच्या फुलवाल्या मावशी. देवळं बंद, लग्नं बंद, घेतलेला झेंडू टोपलीतच सडला. "दादा, मोडायचं हाय." म्हणजे एका आठवड्यात घरातला पैसा संपला. इस्त्रीवाला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. लोक घरी बनियनवर बसलेले, त्याच्याकडे शर्ट कोण टाकणार? वडापाववाल्याने मात्र तीन आठवडे काढले. त्याचा फोन १४ एप्रिलला, बंद वाढल्याचं जाहीर झालं त्याच दुपारी. घरात उरलेलं बेसन, बटाटे, तेल त्याने बायकोकडून मोजून घेऊन एकवीस दिवस बसवले होते. "एकवीस म्हणाले होते ना," एवढंच बोलला. मला उत्तर सुचलं नाही.

आणि कोपऱ्यावरचा किराणावाला? तो रोज दोनशे भरायचा. एप्रिलात दूध आणायला गेलो तर काउंटरला बांधलेल्या दोरीपलीकडून म्हणतो, "चालू झालं की माझं पाचशेचं कर."

आता दुसरी बाजू. जूनमध्ये बंद टप्प्याटप्प्याने उठवायचं सरकारचं 'मिशन बिगिन अगेन' आलं, रस्त्याच्या एका अंगाची दुकानं आज, दुसऱ्या अंगाची उद्या. मी परत फिरायला लागलो. ऐंशी-नव्वद जणांच्या हातच्या नोटा माझ्या हातात. थुंकी लावून नोटा मोजायची सवय त्याच महिन्यात सुटली. जुलैत आमचा एक चहावाला गेला. मधुमेह होता, ऑक्सिजनची खाट मिळेपर्यंत दीड दिवस गेला. त्याच्या टपरीवर मी आठवड्यातले सहा दिवस उभा राहायचो. त्याला माझ्याकडून गेला नसेल, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्यामुळे "बंद करायलाच नको होता" म्हणणाऱ्यांतही मी बसत नाही.

प्रश्न असा. यंदाच्या वार्षिक सभेत मला ठराव मांडायचाय, की रोजच्या भरण्यातला थोडा हिस्सा वेगळा ठेवावा आणि सरकारी बंद लागला तर तो कपात न करता लगेच द्यावा. एक संचालक म्हणाले, "अहो, परत कुठे होतंय तसं?" दुसरे म्हणाले, "ते सरकारचं काम, आपलं नाही." तर हातावर पोट असलेल्यांच्या देशात बंद किती दिवसांचा परवडतो? आणि त्याचे पैसे कुणी भरायचे?

साकीनाका_लेथ

पैसे कुणी भरायचे ते मी सांगतो, मी भरले. सहा कामगारांचं लेथचं वर्कशॉप, भाड्याच्या गाळ्यात. २९ मार्च २०२० ला केंद्राचा आदेश आला की बंदच्या काळात पूर्ण पगार द्या. त्याच आदेशात घरमालकांना, कामगारांकडून महिनाभर भाडं मागू नका. कागदावर सगळ्यांचं भलं. माझं बिल अडकलेलं, ज्यांच्याकडे अडकलं ते बंद, गाळ्याचं भाडं चालू. मार्चचा पगार दिला, एप्रिलचा अर्धा. मेमध्ये तो आदेशच मागे घेतला, तोवर चार पोरं गावी निघून गेली होती. कर्जाचे हप्ते रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत पुढे ढकलू दिले, खरं आहे, पण व्याज काही झोपलं नव्हतं. नंतर सरकारी हमीवर शिल्लक कर्जाच्या वीस टक्के जादा कर्ज मिळालं. पाण्यात पडलेल्याला अजून एक घागर.

बंद तीन आठवड्यांच्या वर नको. स्पष्ट मत.

सेविकाताई

दादा, धागा वाचून राहवलं नाही. मी तेव्हा पालिकेसाठी घरोघरी फिरत होते, मानधनावर. धारावीच्या एका भागात. पीपीई घालून दुपारी बारा वाजता त्या बोळांतून फिरून बघा, मग साकीनाकावाल्या भाऊंनी तीन आठवड्यांची रेघ मारावी. (रागावू नका.)

धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आत सगळी वस्ती, लाखोंनी माणसं, बहुतेकांचा संडास सार्वजनिक. "घरात बसा" म्हणायचं म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत आठ जणांनी बसायचं, आणि सकाळी त्याच संडासाच्या रांगेत उभं राहायचं. म्हणून आम्ही लोकांची वाट बघत बसलो नाही, दारोदार गेलो. ताप बघा, बोटाला ऑक्सिमीटर लावा, संशय आला की शाळेत नाहीतर हॉलमध्ये वेगळं ठेवा. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेने नाव घेतलं तेव्हा आमच्या चाळीत पेढे वाटले. पण खरं सांगू? आम्ही येतोय कळलं की लोक तापाची गोळी खाऊन बसायचे. ताप मोजायची बंदूक कपाळाला लावली की नॉर्मल.

का, ते मला एका बाईने सांगितलं. चामड्याच्या पिशव्या शिवायची. मी म्हटलं, अगं ताप लपवू नको, चौदा दिवसांचा तर प्रश्न आहे. ती म्हणाली, "चौदा दिवस तू नेशील. पंधराव्या दिवशी शेठ माझी मशीन मला परत देणार का?" माझ्या फॉर्मवर ह्याला रकाना नव्हता.

त्याच गल्लीत पुढच्या आठवड्यात बंदोबस्त लागला, पण या वेळी गल्ली अडवायचे बांबू लावायच्या आधी किट आलं. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, साबण. आणि दोन वेळचं शिजवलेलं अन्न. त्या दिवशी दोघी आपणहून म्हणाल्या, "ताई, मला वास येत नाहीये." पोलीस तेच होते, बांबू तेच होते.

म्हणून किती दिवस परवडतो हे कॅलेंडर बघून सांगता येणार नाही. आधी किट, मग बांबू. उलटं केलं की लोक बांबूखालून जातात, आणि आजारही त्यांच्याबरोबर जातो.

बटाटा

आधी किट मग बांबू! +१०००. हे मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवा.

डाळतांदूळ

सेविकाताईंचा प्रतिसाद धाग्याचा जीव आहे. मी अर्थशास्त्र शिकवते, म्हणून थोडं बाहेरचं सांगते.

पेरूने मार्च २०२० च्या मध्यालाच कडक बंद लावला, आपल्याही आधी. तरी लोकसंख्येच्या मानाने जगातल्या सर्वांत जास्त मृत्यूंमध्ये त्यांची गणना झाली. कारणं बरीच आहेत, दवाखान्यांत ऑक्सिजनची मारामार हे एक मोठं. पण मला लक्षात राहिलं ते वेगळंच. तिथे निम्म्याहून जास्त घरांत फ्रिज नाही, म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी बाजारात जाणं आलंच. सरकारने रोख मदत दिली, पण खूप जणांची बँकेत खातीच नव्हती, म्हणून पैसे घ्यायला रांगा लागल्या. बाजार आणि बँक, दोन्हीकडे गर्दी. आजार रोखायला दिलेल्या पैशानेच माणसं एकमेकांना खेटून उभी केली.

व्हिएतनामने लवकर सीमा बंद केल्या, संपर्कातली माणसं शोधून काढून वेगळी ठेवली, आणि त्या वर्षी अर्थव्यवस्था जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास का होईना, वाढली. अर्थात २०२१ मध्ये कोरोनाच्या डेल्टा प्रकाराने त्यांनाही गाठलं, तेव्हा उगाच आरती नको. आपल्याकडे एप्रिल ते जून २०२० च्या तिमाहीत जीडीपी पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घसरला. आता हा आकडा बघून लोक म्हणतात, जीव वाचवायला पैसा घालवला. मला हे गणितच पटत नाही. भीतीने लोक बाहेर पडले नसते तर धागाकर्त्यांच्या फुलवाल्या मावशींचा झेंडू बंद नसतानाही सडला असता, फक्त जरा सावकाश.

मदतीचं म्हणाल तर आपण जनधन खात्यांतल्या महिलांना महिन्याला ५०० रुपये दिले, तीन महिने. मुंबईत ५०० रुपयांत चौघांचं किती दिवस भागतं, हे इथल्या कुणालाही विचारा. माणशी पाच किलो धान्य फुकट होतं, ती मोठी गोष्ट होती. पण ज्याचं रेशनकार्ड जौनपूरला आणि पोट साकीनाक्याला, त्याने काय करायचं? १४ एप्रिलला वांद्रे स्टेशनबाहेर गावी जायला जमलेल्या मजुरांच्या गर्दीवर आपण तेव्हा किती चिडलो होतो! मीही चिडले होते. सोफ्यावर बसून.

जुना_परळकर

अवांतर वाटेल, पण आहे ह्याच गावातलं. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला. पाठोपाठ १८९७ चा साथरोग कायदा, जो २०२० मध्येही कामाला आला. माणसं घाबरली ती आजाराला आणि त्याहून जास्त सरकारच्या झडतीला. शहर ओस पडलं, कोकणातली मंडळी गावी गेली, गिरण्यांना माणूस मिळेना. तेव्हा महिन्याचा पगार अडकवून ठेवणाऱ्या गिरण्या मुकाट्याने रोजच्या रोज मजुरी द्यायला लागल्या. म्हणजे गरज मालकाची असली की रोजचा रोख पैसा निघतो. शास्त्रज्ञ हाफकिनने प्लेगची लस केली ती इथेच, आमच्या मुंबईत. संचालकसाहेबांना सांगा, "परत कुठे होतंय" असं १९१८ मध्ये इन्फ्लुएंझा यायच्या आधीही कुणीतरी म्हणालंच असेल.

साकीनाका_लेथ

ताई, रागावलो नाही. तीन आठवडे मी माझ्या खिशाकडे बघून म्हटलं. माझी चार पोरं गेली ती बंदला घाबरून नाही, खोलीच्या भाड्याला घाबरून गेली. एकजण परत आला, बाकीच्यांचे फोन लागत नाहीत. त्यांना मी महिन्याला पाच हजार जरी धरून दिले असते तर राहिली असती. नव्हते माझ्याकडे, हे खरं आहे. पण कामगारांसाठी बाजूला काढलेला पैसाही नव्हता, हेही खरं आहे. पिग्मीवाले, साकीनाक्याला येता का?

डाळतांदूळ

मला वाटतं, पतसंस्थेचा ठराव छोटा असला तरी नीट लिहा. "सरकारी बंद लागला तर" असं मोघम ठेवलंत तर वॉर्डातली एक गल्ली बंद झाली की संस्था म्हणेल, शहर कुठे बंद आहे? "खातेदाराचा धंदा ज्या हद्दीत आहे तिथे" असे शब्द घाला. आणि पैसे शाखेत येऊन न्यायची अट नको. पेरू आठवा.

पिग्मीवाला (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. डाळतांदूळताई, हद्दीचा मुद्दा लिहून घेतला. शाखेत यायची अट आमच्याकडे होतीच. फुलवाल्या मावशी त्या २८ मार्चला काळाचौकीहून चालत दादरच्या शाखेत निघाल्या, तर नाक्यावर पोलिसाने परत पाठवल्या. पावतीवर सही-अंगठा लागतो म्हणून मला पैसे पोचवता येईनात. शेवटी शाखाधिकाऱ्यांनी तोंडी परवानगी दिली तेव्हा ६ एप्रिल उजाडला होता. रक्कम अकरा हजारांच्या आसपास, त्यातून कपात झाली. मी कपातीची पावती त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती वाचली नाही, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. कपात रद्द करून घ्यायला मी भांडायला हवं होतं. भांडलो नाही. कमिशनवरचा माणूस, भीती वाटली.

साकीनाकावाले, माझी हद्द सायनपर्यंत आहे, पण तिकडच्या आमच्या माणसाचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

सेविकाताई, एकच विचारायचंय. बांबूच्या आधी जे किट आलं, ते आलं कसं? आदेश निघाला होता का?

सेविकाताई

आदेश नंतर आला हो दादा. पहिलं किट गल्लीतल्या गणपती मंडळाचं. त्या वर्षी मूर्तीची उंची चार फुटांवर आणतील ह्याचा त्यांना आधीच अंदाज आला होता, मंडपाची वर्गणी पडून होती. त्यात तेल नव्हतं, फक्त तांदूळ आणि डाळ. तेल दुसऱ्या खेपेला आलं.